नळ बंद असताना प्रेशर भरपूर, उघडला की शॉवर कोरडा : सातव्या मजल्याचं दुखणं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत पाण्याची तक्रार वर्षातून दोनदा येते. एकदा गणपतीच्या आधी, एकदा मार्चमध्ये. येते तीही ठरलेल्या घरांतून, सातव्या मजल्यावरच्या. सकाळी सात ते आठ शॉवरला पाणी नाही, गॅस गीझर पेटत नाही, बेसिनला करंगळीएवढी धार. वॉचमन प्लंबरला फोन करतो, प्लंबर दादा अकरा वाजता येतात, नळ उघडतात, पाणी छान येत असतं. "कुठे काय आहे, मॅडम?" एखादी जाळी साफ करतात, तीनशे रुपये घेतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. दाबमापकाचा काटा वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरीही घरच्या नळाचं दुखणं सापडायला मला दोन वर्षं लागली, हे आधीच कबूल करते. अशीच तक्रार असलेल्या बऱ्याच इमारती आसपास आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमची इमारत तळमजला अधिक सात. पालिकेचं पाणी खालच्या जमिनीतल्या टाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो, तिथून उताराच्या पाइपांनी ते घराघरात उतरतं. गच्चीवरची टाकी जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर आहे, म्हणजे गच्चीच्या स्लॅबपासून साधारण अडीच मीटर वर.

आधी दोन गैरसमज काढून टाकते, कारण प्रत्येक मीटिंगमध्ये ते उगवतात. पहिला : "मोरबे भरलं की प्रेशर सुधारेल." आमच्या नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण ८८ मीटरला भरतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात ती पातळी वाचून आमच्या काकांना हुरूप येतो. पण पालिकेच्या लाइनचा दाब आपल्या जमिनीतल्या टाकीपाशी संपतो. टाकी वरून उघडी असते, पाणी तिच्यात पडलं की मागचा सगळा दाब गेला. पुढचा दाब गच्चीवरची टाकी ठरवते. धरण भरल्याने पाणीकपात टळेल, सातव्या मजल्याचा शॉवर सुटणार नाही.

दुसरा गैरसमज महागात पडणारा : "टाकी लहान आहे, शेजारी आणखी पाच हजार लिटरची बसवू, प्रेशर वाढेल." आमच्या कमिटीत हा ठराव मंजूर व्हायच्या बेतात होता. थांबलेल्या पाण्याचा दाब फक्त वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. टाकी किती रुंद, पाणी किती टन, याचा संबंध नाही. सिमोन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश इंजिनिअरने १५८६ सालीच हे मांडलं होतं, आणि आजही ते पटायला जड जातं. दोन टाक्या शेजारी ठेवल्या तर पाणी जास्त वेळ पुरेल, एवढंच. त्याच पाच हजार लिटरची टाकी एक मीटर वर उचलली तर मात्र दाब वाढेल, एक मीटरचा.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो. प्लंबर लोक किलो म्हणतात ते दर चौरस सेंटिमीटरवरचं वजन. तेव्हा मजल्यामागे तीन मीटर धरले तर एक मजला म्हणजे ०.३ किलो. आमच्या सातव्या मजल्यावर वॉशिंग मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अर्धा किलो आणि वर थोडं. पहिल्या मजल्यावर त्याच नळाला आणखी अठरा मीटर मिळतात, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर. एकाच टाकीचं पाणी, एकच पाइप, आणि दाबात चौपटीहून जास्त फरक. सातव्या मजल्याच्या खिशात मुळातच चिल्लर असते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोग आहे.

नळ बंद असताना पाण्याचा जो दाब असतो त्याला पुस्तकात स्थितिक दाब म्हणतात, आम्ही प्लांटमध्ये नुसतं स्टॅटिक म्हणायचो. प्लंबर दादांनी दोन वर्षांपूर्वी नळाला गेज लावून दाखवला होता, काटा अर्ध्या किलोवर. "बघा, प्रेशर आहे." खोटं नव्हतं ते. पण पाणी हलत नसताना पाइपात कुठे अडथळा आहे का, ते काटा सांगूच शकत नाही. नव्वद टक्के बुजलेल्या पाइपाच्या टोकालाही, पाणी थांबलेलं असेल तर, पूर्ण दाब मिळतो. अडथळा दाब खातो तो फक्त वाहत्या पाण्याचा. त्यातून तो गेज शून्य ते सात किलोचा. त्यावर अर्धा किलो म्हणजे काट्याची जेमतेम हालचाल, आणि तिथे ०.२ किलोचा फरक डोळ्याला दिसत नाही. भाजी तोलायच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं.

मी गेज बाजूला ठेवला आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, बारा मीटर. ७०२ च्या काकूंच्या वॉशिंग मशीनच्या नळाला एक टोक क्लिपने घट्ट बसवलं, दुसरं टोक खिडकीतून वर गच्चीवर नेऊन टाकीशेजारी काठीला उभं बांधलं. टोक उघडंच ठेवायचं. नळीत पाणी जिथवर चढतं तेवढ्या मीटरचा तुमचा दाब. काटा नाही, कॅलिब्रेशन नाही, सेंटिमीटरपर्यंत अचूक. नळीत बुडबुडे राहू देऊ नका, नाहीतर वाचन चुकतं.

दुपारी तीनला, बिल्डिंग सुस्तावलेली असताना, पाणी नळापासून ५ मीटर ४० सेंटिमीटर वर उभं राहिलं. टाकीतली पातळी मोजली तर तेवढीच, बोटभर इकडेतिकडे. म्हणजे स्थितिक दाब शंभर टक्के हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी, काकू आणि त्यांचा नातू नळीकडे बघत उभे. पाणी खाली सरकत होतं. कुणी फ्लश केला की झटकन उतरायचं, मग थोडं वर यायचं. सव्वासातला ते नळापासून फक्त १ मीटर १० सेंटिमीटर वर होतं. काकूंच्या शॉवरचं तोंडही त्या नळापासून बरोबर तेवढंच वर. म्हणजे शॉवरच्या तोंडाशी दाब शून्य. ४ मीटर ३० सेंटिमीटर वाटेत कुठेतरी गडप झाले होते. गॅस गीझरला पेटायला पाण्याचा किमान दाब लागतो, आमच्या मॉडेलवर ०.०२५ एमपीए छापलंय, म्हणजे पाण्याचे अडीच मीटर. तो का पेटत नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

आणि प्लंबर अकरा वाजता आले की पाणी का येतं? पाइपातल्या अडथळ्यात गडप होणारा दाब वाहत्या पाण्याच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सातला सगळी बिल्डिंग आंघोळीला, अकराला वापर समजा एक तृतीयांश. मग दाबाची गळती एक तृतीयांश नाही, एक नवमांश होते. ४.३ मीटरची अर्धा मीटर. प्लंबर दादा प्रामाणिक होते, फक्त त्यांची वेळ चुकीची होती. तुमच्याकडे अशी तक्रार असेल तर मोजमाप गर्दीच्या वेळीच करा. प्लंबरला सकाळी साडेसहाला बोलवा, जास्तीचे पैसे द्या, वसूल होतील.

खालच्या मजल्यांची तक्रार कधीच का नव्हती, तेही इथेच उलगडतं. हेच ४.३ मीटर पहिल्या मजल्याच्या २३ मीटरमधून वजा झाले तर उरतात १९. त्यांना या काटछाटीचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये सातव्या मजल्याचे दोघे एकीकडे आणि बाकी बिल्डिंग "तुमच्या घरातलाच प्रॉब्लेम असेल" म्हणायला मोकळी.

इथे एक व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. कुणीतरी लिहिलं की पाणी जोरात वाहतं म्हणून दाब कमी होतो, हा बर्नुलीचा नियम. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये ते मांडलं हे खरं, नियमही खरा. पण आकडा घालून बघा : पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने गेलं तर वेगापायी कमी होणारा दाब पाण्याच्या पाच सेंटिमीटरएवढा. आमचे ४३० सेंटिमीटर गेले होते. बर्नुलीला उगाच बदनाम करू नका. चोर घर्षण आणि अडथळा हाच.

चोर कुठे लपलाय ते शोधायची पद्धत एकच : पाणी वाहत असताना वाटेवर ठिकठिकाणी दाब मोजायचा. ज्या दोन जागांमध्ये मोठी घसरण, अडथळा त्यांच्यामध्ये. घरातली जाळी, अँगल कॉक, शॉवरची चाळणी बुजली असेल तर नळी भरलेली राहील आणि फक्त तुमचा शॉवर रडेल. आमची तर नळीच उतरत होती, म्हणजे गडबड घराच्या बाहेर, सगळ्यांच्या पाइपात.

आता गच्चीवर. आमचा उताराचा पाइप टाकीच्या तळाशी निघतो, तिथे एक दोन इंची गेट व्हॉल्व्ह, मग पाइप गच्चीवर उतरतो, गच्चीच्या कठड्यावर चढतो आणि पलीकडून भिंतीने खाली जातो. कठड्यावरच्या त्या वळणावर एक उभा एअर पाइप असतो, वरून उघडा. आमच्या एअर पाइपाच्या तोंडावर टोपी ठोकलेली होती. चौकशीअंती कळलं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कुणीतरी तो कापून कमी उंचीचा केला. टाकीच्या पातळीपेक्षा तो खाली आला, त्यातून पाणी वाहायला लागलं, म्हणून मग टोपी. एका चुकीवर दुसरी चूक.

टोपीमुळे काय होतं, तर हवा अडकते. आणि इथे द्रव आणि वायू यांच्या स्थितिक दाबातला फरक कामाला येतो. पाण्याच्या एक मीटर खांबाचा दाब एक मीटर, हे झालं. हवेच्या एक मीटर खांबाचा दाब पाण्याच्या जेमतेम सव्वा मिलिमीटरएवढा. तेव्हा पाइपाच्या उतरत्या भागात दीड मीटर हवा अडकली, तर त्या दीड मीटरची कमाई बुडाली. वरून पाणी हवेला दाबतं, हवा तोच दाब जसाच्या तसा खाली पोचवते, पण मधली उंची तिच्याकडून मिळत नाही. टाकी धुतली की पाइप रिकामा होतो, पुन्हा भरताना हवेला बाहेर पडायला वाट नसते. आमच्याकडे टाकी कधी धुतात? गणपतीच्या आधी आणि मार्चमध्ये. दोन वर्षं मी हे कॅलेंडर डोळ्यांसमोर असून जोडलं नव्हतं.

हे पडताळायला पुढच्या टाकीधुणीनंतर पुन्हा नळी लावली. दुपारी, सगळं शांत, तरी नळीतली पातळी टाकीपेक्षा दीड मीटर खाली. हा भेद पक्का लक्षात ठेवा, माझ्या मते या पोस्टमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. पाणी थांबलेलं असताना दाब टाकीच्या पातळीएवढा असेल आणि वाहताना घसरत असेल, तर वाटेत अडथळा. पाणी थांबलेलं असतानाच दाब कमी असेल, तर हवा अडकली आहे. अडथळा थांबलेल्या पाण्याचा दाब खाऊ शकत नाही. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून दरवेळी अर्धा इलाज होऊन दुखणं परत यायचं.

टोपी काढली. एअर पाइप टाकीच्या ओसंडायच्या पातळीच्या वर हातभर जाईल एवढा वाढवून घेतला, तोंड खाली वळवून जाळी लावली, कबुतरांचा विचार करून. दुपारी हवा निघून गेली, नळी टाकीशी जुळली. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंचा फोन, "आता तर नळातून पाण्यापेक्षा हवाच जास्त येतेय गं!"

धावत गच्चीवर गेले. एअर पाइपाच्या तोंडाशी सूं असा आवाज, हात ठेवला तर तळवा आत ओढला जात होता. पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता. गेजचं शून्य म्हणजे रिकामेपण नव्हे. आपल्या सगळ्यांवर समुद्रसपाटीला पाण्याच्या दहा मीटरएवढा हवेचा दाब असतोच, गेज त्याच्यापासून पुढे मोजतो. पाइपातला दाब त्याच्या खाली गेला की उघडी वाट मिळेल तिथून हवा आत घुसते. खालच्या मजल्यांचं पाणी खाली ओढत होतं आणि वरून टाकी तेवढं देऊ शकत नव्हती. म्हणजे अडथळा टाकी आणि एअर पाइप यांच्यामध्ये. त्या जागेत होतं काय? चार-पाच मीटर पाइप आणि तो गेट व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडं होतं, फिरतही छान होतं. उघडून पाहिला तेव्हा कळलं, आतली पितळी पाचर दांड्यापासून सुटून तिरकी खाली पडलेली. चाक फिरवा की दांडा वर जातो, पाचर तिथेच. जेमतेम तिसरा हिस्सा वाट मोकळी. टाकी धुताना व्हॉल्व्ह बंद-चालू होई, तेव्हा पाचर आणखी अडके. कधी कुणी पान्याने ठोकलं की थोडी हलून काही महिने बरं वाटे. जुन्या गेट व्हॉल्व्हचा हा नेहमीचा आजार आहे. दोन इंची फुल बोअरचा, म्हणजे आतली वाट पाइपाएवढीच रुंद असलेला, बॉल व्हॉल्व्ह बसवला, ज्याचं हँडल पाइपाच्या रेषेत असलं की आतली वाट उघडी आहे हे बाहेरून दिसतं. दुसऱ्या सकाळी सव्वासातला नळीची घसरण ६० सेंटिमीटर. शॉवरला पावणेचार मीटरच्या आसपास दाब उरला. पंचतारांकित हॉटेलासारखी आंघोळ नाही होत त्यात, पण केस धुतले जातात.

मधल्या काळात एका घराने, ६०२ ने, आपल्या नळाच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवला होता. त्याबद्दल दोन शब्द. पंप पाणी निर्माण करत नाही, सामाईक पाइपातून ओढतो. अडथळा असलेल्या लाइनवर तो बसवला की त्या घराचं भलं होतं आणि वरच्या घराचा दाब आणखी घसरतो. शिवाय लाइनमधला दाब हवेच्या खाली गेला असताना कुणाची नळी बादलीत बुडालेली असली, तर बादलीतलं पाणी पिण्याच्या पाइपात ओढलं जाऊ शकतं. पंप लावायचाच तर सोसायटीने टाकीपाशी, वरच्या दोन मजल्यांच्या वेगळ्या लाइनवर लावावा. आधी दोष काढा मात्र.

काकूंनी एक प्रश्न विचारला होता, तो फार आवडला म्हणून लिहिते. "पाणी सातव्या मजल्यावर येत नाही, मग पाइपचा गॅस कसा येतो?" घरातला पाइप गॅस सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो, म्हणजे पाण्याच्या जेमतेम एकवीस सेंटिमीटरएवढ्या. पण वायू हलका, त्याला वर चढताना स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. उलट आपल्याकडचा नैसर्गिक वायू बाहेरच्या हवेपेक्षाही हलका. वीस मीटर वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब जितका उतरतो त्याहून पाइपातल्या गॅसचा कमी उतरतो, त्यामुळे फरक मोजला तर वरच्या मजल्यावर तो सुमारे एक मिलिबारने वाढलेला निघेल. रेग्युलेटर असल्याने शेगडीला ते कळत नाही. पाण्यात गरीब असलेला सातवा मजला गॅसमध्ये किंचित श्रीमंत! यावर काकू म्हणाल्या, "मग गॅसनेच आंघोळ करते." गॅसच्या पाइपावर नळी-बिळी लावून मोजण्याचा उद्योग कुणी करू नये. शंका आली तर गॅस कंपनीला बोलवा.

आता गच्चीच्या दारावर एक कागद चिकटवलाय, टाकी धुणाऱ्यांसाठी : टाकी अर्धी भरल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, आधी सातव्या मजल्यावरचे दोन नळ उघडे ठेवा, फुसफुस थांबून सलग धार आली की बंद करा, मग खालचे मजले. पहिल्या खेपेला त्यांनी वाचलं नाही, दुसऱ्या खेपेला मी स्वतः उभी राहिले.

हे लिहीत असताना पहिल्या मजल्यावरच्या भाऊंचा निरोप आला की व्हॉल्व्ह बदलल्यापासून त्यांची फ्लशची टाकी गळतेय, प्रेशर वाढलंय म्हणून. भाऊ, रात्री दोन वाजता तुमच्या पाइपात जो दाब असतो तो, हवा अडकलेले दिवस सोडले तर, बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून तोच आहे, टाकीची उंची बदललेली नाही. वॉशर बदला.